धवलेरीचा आवाज

चित्रपटनिर्मात्या कंपनीकडून मला आलेल्या पत्रातले वाक्य असे होते : "चित्रपटातील चेटकिणीचा आवाज पूर्णतः संगणकावर निर्माण केलेला असून तो कोणत्याही जिवंत अथवा मृत व्यक्तीचा नाही."

वाक्य सुबक आहे. अडचण एवढीच, की ही चेटकीण श्वास घेते. दर चौथ्या ओळीनंतर ती थांबते, डाव्या नाकपुडीत किंचित शीळ वाजते, आणि मग मंत्र पुढे सुरू होतो. संगणकाला दम लागत नाही. सर्दी तर नाहीच नाही. शिवाय त्या मंत्राची चाल तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यांत लग्नाच्या मांडवाखाली गातात. ती मुंबईतल्या यंत्राला कोणी शिकवली, याचा खुलासा पत्रात नव्हता.

२०१८च्या जानेवारीत डहाणूच्या आमच्या महाविद्यालयात 'लोकप्रिय चित्रपटांतील भीती' या विषयावर बोलताना मी ते पत्र वाचून दाखवले. मी तिथे मराठी शिकवते. घर तलासरीकडच्या एका पाड्यावर. चित्रपटाची कथा सर्वांना पाठ होती : शहरातले कुटुंब जंगलात बंगला बांधते आणि जंगलातली बाई मंत्र म्हणत त्यांच्या मुलांमागे लागते.

"शहर ज्यांची जमीन घेते, त्यांनाच भूत ठरवते," मी म्हणाले. "म्हणजे उद्या कोणी परत मागायला आलेच, तर लाजण्याऐवजी किंचाळता येते."

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. व्याख्यान संपल्यावर तो दारातच उभा होता.

"मॅडम, शीळ उजव्या नाकपुडीत वाजते."

"आपण नाकतज्ज्ञ?"

"नविन. वरोरचा. मुंबईत सिनेमांसाठी आवाज रेकॉर्ड करतो."

"म्हणजे आरोपींपैकी एक."

"हजर आहे," तो म्हणाला. आणि हसताना त्याने नजर खाली वळवली... मी त्याला लाजाळूपणा समजले. माणसांचे वाचन हा माझा विषय नाही.

त्यानंतर आम्ही दर शनिवारी भेटू लागलो. बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली आम्ही तो चित्रपट तुकड्यातुकड्याने उलगडत असू. मी त्याला दाखवी, की दिग्दर्शक त्या बाईचा चेहरा कधीच पूर्ण दाखवत नाही, कारण चेहरा दिसला की प्रेक्षक तिला नाव विचारील. तो मला ऐकायला शिकवी. एकदा वरोरला ओहोटीच्या वेळी त्याने मला चिखलाच्या कडेला उभे केले. समुद्र दूर गेला होता. समोरच्या करड्या पसाऱ्यातून टिक्-टिक्, टिक्-टिक् असा आवाज उठत होता, जणू कोणी जमिनीखालून बोटाने दार वाजवत आहे.

"खेकडे," तो हळूच म्हणाला. "घाबरलात?"

"निरीक्षण करते आहे."

"मग माझा हात का धरलाय?"

"आधार म्हणून. संदर्भाला आधार लागतो."

हे सगळे गोड होते, आणि मला ते आवडत होते, हे नोंदवणे भाग आहे. पण पाड्यावर माझ्या सुकीआत्याच्या दारावरून मुले श्वास रोखून धावत होती. आत्या धवलेरी, आमच्याकडे लग्न तिच्या गाण्याने लागते. चित्रपटातला तो तुकडा फोनाफोनांवर पोहोचला, लोकांनी त्यात तिचा आवाज ओळखला आणि तिला मांडवात बोलावणे बंद झाले. मग ती तांदूळ पाखडतानाही गुणगुणेनाशी झाली. वैशाखात पाड्यावरच्या तुळशी नावाच्या मुलीचे लग्न होते. त्याआधीच्या रविवारी बैठक बसून ठरणार होते, की आत्याने गाऊ नये आणि पाडाही सोडावा.

त्या शनिवारी नविनने मला वरोरच्या त्याच्या खोलीत बसवले. खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. बाहेर वाळत्या बोंबलांचा वास. हेडफोन एकच होता. एक कान त्याचा, एक माझा. मधे त्याचा श्वास...

त्याने मंत्र लावला. मग वेग हळूहळू वाढवत नेला. खोल विहिरीतून कोणी वर चढून यावे तसा तो घोगरा आवाज वर येऊ लागला. आधी मरणोन्मुख, मग म्हातारा, मग माणसाचा.  आत्या गात होती. नवरीला हळद लागली आहे, तिला सांभाळा, असे धरतीला सांगत होती. गाणे संपले. चुलीतले लाकूड तडतडले, आणि आत्या तिच्या रोजच्या आवाजात म्हणाली, "पोरा, भाकरी खाऊन जा. उपाशी नको जाऊस."

नविनने बंद केले नाही. त्याला बंद करता आले असते.

मी संहिता वाचणारी बाई आहे. जे चित्रपटात नाही, ते चित्रपटातून निघत नाही; मूळ रेकॉर्डिंग त्याचेच होते.

"तुम्ही तिच्या उजव्या हाताला बसला होतात," मी म्हणाले.

"चुलीपाशी."

"भाकरी खाल्लीत?"

"दोन."

"आणि मग?"

"मग मुंबईला गेलो."

मी हेडफोन काढला. माझा कान अजून उबदार होता, याचा मला सर्वांत जास्त राग आला.

"उद्या दुपारी पाड्यावर बैठक आहे," मी म्हणाले. "या."

"तिथे बोललो तर मुंबईत मला कोणी काम देणार नाही, दक्षा."

"नाही देणार."

"आणि तुम्ही?"

"उत्तरपत्रिका हातात आल्याशिवाय मी गुण देत नाही."

रविवारी सगळा पाडा आंब्याखाली जमला. आत्या आपल्या उंबऱ्यात बसून होती, गुडघ्यांवर हात ठेवून, पाहुणीसारखी. काकड्याकाका पाड्यात सर्वांत वडील. ते मऊपणानेच बोलले.

"आमी तिचं वाईट नाय करत, बाय. पन तो तिचाच आवाज हाय. तू पन वळखलास ना?"

"ते लग्नाचं गाणं आहे, काका."

"मंग तसं कसं झालं? आत काय असल्याबिगर भायेर निघतं का?"

 इतक्या लोकांनी तो चित्रपट पाहिला. आवाज अचूक ओळखणारे प्रेक्षक एवढेच, आणि मला त्यांनाच चुकीचे ठरवायचे होते. त्यांना वाटत होते, की यंत्राने आत्याच्या आतले खरे बाहेर काढले. माझ्या प्रबंधाची चारशे पाने या एका प्रश्नापुढे मुकी झाली.

तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली. नविन स्पीकर खांद्यावर घेऊन चढण चढून आला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. त्याने गाणे लावले, मूळ वेगात. मागे बसलेल्या बायकांत रूपीचे ओठ हलले, मग तिच्या शेजारणीचे. गाण्यातली इतर बायकांनी झेलायची ओळ आली आणि दोघीतिघींनी ती झेलली. उंबऱ्यात आत्याने मान वर केली.

"हा आवाज बिगडवला कोनी?" काकड्याकाकांनी विचारले.

पुढे वैशाखात तुळशीच्या मांडवात आत्याच गायली. तो निकाल ज्या जबाबावर लागला, तो मी शब्दशः देते. शब्द तपासून घेतले आहेत. जबाब देणारा आता याच घरात राहतो आणि माझ्या चुका काढतो.

"मी. नाव नविन, गाव वरोर. या बाईंनी मला विश्वासाने गाणं दिलं. मी ते ओढून ओढून खाली नेलं, कारण जंगलातली बाई ऐकू आली की लोक घाबरले पाहिजेत, असं मला सांगितलं होतं. गाण्यात भीती नव्हती. ती मी घातली. हे मला जानेवारीतच सांगता आलं असतं. नाही सांगितलं, कारण ही दक्षा दर शनिवारी यायची, आणि सांगितलं तर यायची थांबेल, असं वाटायचं. एका बाईला गमावू नये म्हणून मी दुसरीला भूत राहू दिलं. ही आता येणार नाही, असं अजूनही वाटतंय. तरी सांगतोय."