समान झीज

तळेगावच्या नियंत्रण-कक्षात अभियंता शलाका दामले झिजेचे दोन आलेख एकावर एक ठेवून पाहत होती. एक तळेगावच्या माहिती-साठाकेंद्राचा, दुसरा त्याच्या जुळ्या भावाचा, बुटीबोरीचा. राज्यभरातल्या रुग्णांच्या औषधमात्रा दोन्हीकडे एकाच वेळी लिहिल्या जात. एक केंद्र पडलं तरी दुसरं असावं म्हणून. दोन्ही रेषा तंतोतंत जुळल्या, तशी तिने अध्यक्षांना बोलावून घेतलं.

"स्मृतिपट्टीतली पेशी पाटीसारखी असते," ती रुग्णालय-संघाचे अध्यक्ष डॉ. नाफडे यांना म्हणाली. "पुसून लिहिलं की थोडी झिजते. एकीवरच भार नको म्हणून मी झीजवाटप बसवलं. सगळ्या सारख्या झिजतात."

"मग उत्तमच की."

"आणि सगळ्या एकदम संपतात. दोन्ही केंद्रं आपण एकाच पाडव्याला, एकाच मुहूर्तावर सुरू केली, डॉक्टर."

मुहूर्ताचा हट्ट नाफड्यांचा. पेढे मात्र शलाकानेही खाल्ले होते.

"संपल्या की काय होतं?"

"जुनं वाचता येतं, नवं लिहिता येत नाही. सकाळी डोस बदललात, तरी औषध देणारं यंत्र कालचाच देणार."

नाफड्यांचा चेहरा उतरला. "नव्या पट्ट्या?"

"मागवल्यापासून दीड महिना. तोवर अन्याय करावा लागेल. बुटीबोरीचं लेखन थांबवू, तिचं उरलेलं आयुष्य राखून ठेवू. तळेगाव शेवटपर्यंत वापरू."

"म्हणजे ताजी प्रत एकच?"

"एकच. जीव मुठीत धरून."

तळेगावने कसाबसा श्रावण गाठला. तिथे नव्या पट्ट्या बसल्या, बुटीबोरीत पुन्हा लेखन सुरू झालं. नाफडे लगेच म्हणाले, "बुटीबोरीच्या पट्ट्या दसऱ्याला बदलू."

"दसऱ्यापर्यंत ती टिकत नाही."

"मग गणपतीत?"

"तळेगावच्या फार जवळ. दोघांत दीड महिन्याचं तरी अंतर हवं. एक संपलं, तर दुसरं नव्या पट्ट्या येईपर्यंत तगलं पाहिजे."

नाफड्यांनी बोटांवर हिशेब केला आणि तिच्याकडे पाहिलं. "पितृपक्षात? अहो, त्या पंधरवड्यात कोणी नवी चप्पलही घेत नाही."

"म्हणूनच त्या दिवसांत दुसरं कोणी काही सुरू करणार नाही."

सर्वपित्री अमावास्येला नाफडे स्वतः बुटीबोरीला आले. नारळ आणला होता, पण तो त्यांनी पिशवीतच ठेवला आणि कळ दाबली. पडद्यावर नवी रेषा तळेगावच्या रेषेच्या बरीच खालून निघाली.

"आता दोघं एकदम जाणार नाहीत," शलाका म्हणाली.

नाफड्यांनी पिशवीतल्या नारळावरून हात फिरवला.

"आपले पितरही एकदम गेले नाहीत," ते म्हणाले. "म्हणून तर आपण आहोत."