लिंबाला टांगलेला डबा

"थर्माकोलचा डबा पाहिलात का... पांढरा, एवढासा?"

पिंगळी स्टेशनबाहेरच्या हॉटेलात चतुरा धापा टाकत शिरली, तेव्हा बन्सीधर सरबतासाठी बर्फ फोडत होता. मे महिन्याची रणरणती दुपार, आणि समोर घामाने टिकली घसरलेली, डोळ्यांत जीव आणलेली मुलगी! तो क्षणभर बघतच राहिला.

"हाय की. सकाळी एक पाव्हणा चहा पिऊन विसरून गेला. पर आत न्हाई आणला... दारातल्या कडूलिंबाला टांगलाय."

"झाडाला? या उन्हात? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

परभणीच्या प्रयोगशाळेत चतुराने या डब्याची आठ महिने वाट पाहिली होती, आणि तो आणणारा माणूस पिंगळीला चहासाठी उतरून रिकाम्या हातांनीच परभणीला पोहोचला होता. आत करंगळीएवढी बाटली होती. माणसाच्या शरीरातलं, पेशी वाढवणारं एक प्रथिन, पण जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं, फक्त संशोधनासाठी. वडिलांनी, किशनरावांनी, निक्षून सांगितलं होतं: यंदा प्रयोग पुरा झाला तर पुढचं तुझं तू ठरव, नाही झाला तर गावी वालूरला यायचं आणि मी बघितलेल्या स्थळाला हो म्हणायचं. आणि बाटली तापली की प्रयोग संपलाच!

"वर 'ह्यूमन' लिव्हलंय, म्याडम," बन्सीधर चाचरला. "मला वाटलं... कुणाच्या तरी अस्थी. अस्थी कुणी घरात घेतंय का? पर वल्लं पोतं गुंडाळलंय. घंट्याघंट्याला पाणी मारायलोय. फूल बी ठिवलंय."

तिला हसावं की रडावं कळेना. बाहेर धावत जाऊन तिने डबा झाडावरून उतरवला आणि झाकण उघडलं. सगळ्या बर्फाचं पाणी झालं होतं... फक्त सुपारीएवढा एक खडा तरंगत होता.

"बर्फ!"

बन्सीधरने दिवसभराची लादी भुश्यातून ओढली, फोडली आणि डब्यात भरली.

"तुमचं सरबत?"

"पितील आज चहा. बसा गाडीवर!"

परभणी येईपर्यंत तो एवढंच विचारत होता, "गार हाय ना?" ती डब्यावर हात ठेवून म्हणायची, "हाय." तिसऱ्यांदा तिने उत्तर दिलं तेव्हा तिचा दुसरा हात त्याच्या खांद्यावर होता. कधी गेला, दोघांनाही समजलं नाही.

पुढचे चार दिवस तिला घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी तिने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, आणि तशीच पिंगळीची गाडी धरली.

"पेशी वाढायल्यात, प्रयोग पुरा झाला," ती म्हणाली आणि रिकामा डबा त्याच्या पुढ्यात ठेवला. "हा तुमच्या बर्फाला."

"मी रोज लिंबाकडं बघायलोय," बन्सीधर मान खाली घालून म्हणाला. "डबा न्हाई, म्हंजे तुमी बी याच्या न्हाईत... लय करमेना झालंय, म्याडम." मग हळूच डोळे वर करून, "टांगू का पुन्हा?"

"न्हाई," चतुरा म्हणाली. "आता माझं मी ठरवायचंय. घरात ठिवा त्याला... मला बी तिथंच यायचंय."

गिऱ्हाईक चहा मागत राहिलं. बन्सीधर दोन्ही हातांत तो डबा धरून हॉटेलामागच्या घराचा उंबरा ओलांडत होता.