दोन पितळी बिल्ले

मोंटानातल्या आमच्या गावात पोरांना बेरजेआधी तांबं कळतं. बंद खाणीत साचलेलं आंबट पाणी मी दरवर्षी रसायनाच्या तासाला बाटलीत भरून नेते. त्यात एक जस्ताची आणि एक तांब्याची पट्टी बुडवून तारा जोडल्या की मीटरचा काटा उठतो. दोन्ही पट्ट्या एकाच धातूच्या असल्या तर ढिम्म हलत नाही.

हे दाखवायला त्या शुक्रवारी मी बाबांचे बिल्ले नेले. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला एकाच नंबरचे दोन पितळी बिल्ले मिळायचे. एक वर फळ्यावर टांगायचा, दुसरा अंगावर; वर आलं की तोही फळ्यावर. मी सहा वर्षांची असताना तळात आग लागली आणि कंपनीनं खाणीत पाणी सोडलं. सगळी माणसं आधीच वर आली होती म्हणे! पुरावा म्हणून बाबांचे दोन्ही बिल्ले आईच्या हातात ठेवले. "तुमचा नवरा वर आला, बिल्ला टांगला आणि गेला निघून." गावानं लगेच मानलं. मीही मानलं, आणि जन्मभर बाबांचा राग राग केला.

आई तेवढी मानेना. "हा त्याचा नाही. लिफ्टमधून खाली जाताना तो बिल्ला दातांत धरायचा. ह्याच्यावर दात कुठंयत?"

आम्हा क्रोएशियन लोकांत नवरा गेला की बाई डोक्याला काळा रुमाल बांधते. आईला त्याचीही चोरी होती. पाद्री म्हणाला, "जिवंत माणसासाठी कसली प्रार्थना?"

मी बिल्ल्यांना तारा जोडून ते ग्लासातल्या पाण्यात सोडले. "बघा, काटा हलणार नाही."

काटा उठला.

"हलला की, मिस!" पुढच्या बाकावरची कॉलीन म्हणाली. "मीटर खोटं, का बिल्ला खोटा?"

वर्ग खिदळला. मी मीटर बदललं, पाणी बदललं. काटा पुन्हा तेवढाच उठला. एक बिल्ला त्या पितळेचा नव्हताच. कुणीतरी घाईघाईनं पाडून घेतलेला होता. म्हणजे खरा अजून खालीच होता, बाबांसकट.

कंपनीपेक्षा मला माझीच जास्त चीड आली. ग्लासला हात लावायचं धाडस होईना. सगळं तसंच ठेवून मी खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

सोमवारी काटा शून्यावर होता.

खोटा बिल्ला झिजून गेला असेल, असं म्हणत मी तारा वर ओढल्या.

दोन्ही बिल्ले होते. एक फळ्यावरचा. दुसरा हिरवा पडलेला, कडेला वाकलेला.

मी कडेवरून अंगठा फिरवला. दातांच्या खुणा होत्या.

तो पुसून, कोरडा करून, कागदात गुंडाळून मी आईकडे नेला. तिला आता दिसत नाही. तिनं कडा चाचपली. रडली नाही.

"दानित्सा, पेटीत तळाला काळा रुमाल आहे. काढ."

रुमाल बांधायला हात मोकळे हवेत म्हणून तिनं बिल्ला माझ्याकडे दिला. बाहेर बर्फ पडत होतं, माझी बोटं गारठली होती.

बिल्ला कोमट होता, आणि ओला.