कट न झालेला फोन

मोबाइल उलटे ठेवा आधी. हं. हे माझ्या भाच्याच्या, सिद्धेशच्या बाबतीत घडलंय. इथेच बाळकुमला, यंदा सव्वीस जानेवारीच्या रात्री. तो मोबाइल कंपनीत आहे. परदेशातून येणारे कॉल कुठे तुटतात, ते तपासतो. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही, तुमच्यासारखाच शहाणा.

जुन्या गावठाणात सगुणाआजी एकट्या राहतात. मुलगा कमलेश मस्कतला. त्यांची तक्रार अशी, की रोज रात्री साडेदहाला मुलाचा फोन येतो आणि उचलला की तुटतो. दिवसा तपासलं तर सगळं ठीक, म्हणून सिद्धेश रात्रीच गेला. आजींचं सिम काढून त्याने आपल्या तपासणीच्या फोनमध्ये घातलं आणि मस्कतच्या सहकाऱ्याला कॉल लावायला सांगितलं. लागला. आवाज स्वच्छ. पुन्हा लावला, पुन्हा लागला.

तो म्हणाला, "आजी, लाइन चांगली आहे. कमलेशदादाला सांगा, आता लाव म्हणून."

आजी भिंतीकडे बघत राहिल्या. सिद्धेशनेही पाहिलं. फोटो होता. फोटोला हार…

मग त्यांनी सांगितलं. अनोळखी परदेशी नंबर उचलू नको, लुबाडतात, असं कमलेशनेच त्यांना बजावलेलं. दिवाळीत तो तिथे हॉस्पिटलात होता. स्वतःचा फोन बंद पडला, म्हणून नर्सच्या फोनवरून आईला लावत होता. आजींनी दर वेळी कट केला. पहाटे तो गेला. लेकराचं ऐकलं आणि त्याचाच शेवटचा शब्द हुकला. सांगताना मला अजून गलबलून येतं रे.

साडेदहा झाले.

फोन वाजला.

सिद्धेशचा नाही. टेबलावरचा. आजींचा. सिम नसलेला.

आजींनी उचलला. "बोल रं बाळा."

…

"मी जेवले. तू जेवलास?"

…

सिद्धेशला पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. आजी मात्र ऐकत होत्या. मान हलवत. रडत. त्याने घाबरून सिम परत घालायला हात पुढे केला, तर त्यांनी फोन छातीशी धरला.

"नको. आता मी कट नाय करनार."

तो तसाच निघून आला. सिम अजून त्याच्याकडेच आहे.

परवा मी आजींकडे जाऊन आलो. फोन फोटोपुढे ठेवलाय. चार्जर लावलेला नाही. स्क्रीनवर कमलेशचं नाव, आणि खाली सेकंद पुढे सरकतायत…