तिसरा पुकारा

"एम एच शून्य नऊ, बत्तीस शून्य सात! पांढरी गाडी! पावणं, गाडी काढा!"

कुणाच्याही प्रेमाची सुरुवात अशी भोंग्यावरून होऊ नये. पण निशिगंधाची झाली. त्या वेळी ती शाहूपुरीतल्या विमा ऑफिसच्या जिन्यावरून धावत सुटली होती, एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात डब्याचं झाकण घेऊन.

"आलो, आलो!"

कोल्हापूरची मुलगी. 'आले' म्हणायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

ऑफिससमोरचा रस्ता आधी गटारासाठी खणला होता, मग काँक्रीटसाठी. गाड्या लावायच्या कुठं, हे नकाशात दाखवायचं राहून गेलं. म्हणून लोक शेजारच्या बोळात लावायचे. बोळातून वाहतूक वळवलेली, म्हणून तिथं 'नो पार्किंग'ची पाटी. पाटी होती म्हणून गाड्या उचलायला क्रेन. व्यवस्था एकूण चोख होती.

क्रेनच्या पायरीवर माईक घेऊन उभा होता राजवीर. पाऊस भुरभुरत होता, आणि छत्री त्यानं स्वतःवर नव्हे, माईकवर धरली होती.

"पावणं कुणाला म्हणता ओ?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं... मग नंबर प्लेटकडं... मग पुन्हा तिच्याकडं.

"नंबरावरनं बाईमाणूस कळत न्हाय की, मॅडम."

"आता कळलं?"

"कळलं की... तेवढं झाकण डब्यावर ठेवा. भाजीवर माशी बसंल."

नियम असा होता की, गाडी उचलण्याआधी नंबर तीनदा पुकारायचा. तिसऱ्या पुकाऱ्याला मालक हजर झाला, तर गाडी सोडायची. बाकीच्यांचे तीन पुकारे राजवीर एका दमात उरकायचा. बत्तीस शून्य सातच्या पहिल्या आणि तिसऱ्या पुकाऱ्यात मात्र माईक पुसून व्हायचा, वायर तपासून व्हायची, पुढं पुढं तर चहासुद्धा व्हायचा.

"आज उशीर केलासा," तो म्हणायचा.

"तुम्हीच लवकर आलाय."

"मग उद्या साडेअकराला येऊ?"

"या की. गाडी इथंच असंल."

पाच मिनिटांवरच्या मैदानात गाड्या लावता येतात, हे निशिगंधाला तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. ती माहिती तिनं स्वतःपासूनही लपवून ठेवली.

अख्खी शाहूपुरी रस्त्यासाठी देव पाण्यात घालून बसली होती. तो कधीच होऊ नये म्हणून झुरणारा जीव एकच होता. ऑफिसात चहा करणाऱ्या धोंडुबाई खिडकीतून बघून सांगायच्या, "अजून आठ दिवसांत हुतंय बघ." निशिगंधा उठून खिडकी लावून घ्यायची. शहरात एकही काम वेळेत झालेलं तिनं पाहिलं नव्हतं. त्या भरवशावर ती चार महिने निर्धास्त होती. आणि नेमका तिच्याच नशिबी इंजिनिअर कर्तबगार निघाला.

शेवटच्या दिवशी राजवीरनं माईक बंद केला.

"उद्यापासनं क्रेन इचलकरंजीला. तिकडं बी खणलंय."

"मग?"

"मग काय... तुमची गाडी सुटली."

सांगायचं पुष्कळ होतं. ते सगळं गोळा करून ती म्हणाली, "बरं झालं."

त्याचा चेहरा पडला. क्रेन गेली. घरी पोचेपर्यंत ती त्या दोन शब्दांना शिव्या देत होती. फोन नंबर नाही, पत्ता नाही. त्याला तर तिचं नावही ठाऊक नव्हतं. गाडी कधी उचलली नाही म्हणून पावती फाटली नाही, आणि पावती नाही तर नाव कुठलं?

नवा रस्ता आरशासारखा झाला. गाडी ऑफिसच्या दारात, पांढऱ्या पट्ट्याच्या आत, कायदेशीर उभी राहू लागली. तिला कुणीच हाक मारेना. कुठं भोंगा वाजला की निशिगंधा घास टाकून खिडकीशी जायची. भंगारवाला असायचा.

एकोणिसाव्या दिवशी धोंडुबाईंनी तिच्यापुढं चहा आदळला.

"गाडीला कोण हात बी लावंना, आन् तू रडाय लागलीस? इचलकरंजी काय परदेशात हाय? जा, आन् लाव जा गाडी चुकीच्या जागंला!"

ती गेली. यंत्रमागांच्या खडखडाटात पाटी शोधली, पाटीखाली गाडी लावली आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसली. तासाभरानं क्रेन आली.

"बत्तीस शून्य सात-बत्तीस शून्य सात-बत्तीस शून्य सात!"

आवाज दुसराच होता... घोगरा, घाईतला. माईकवर कुणी भलताच माणूस होता. ती जागची हलली नाही. हलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तोंड वर लटकवून, मागच्या दोन चाकांवर गाडी निघाली, तेव्हा तिला वाटलं, आपल्यालाच कुणी असं ओढत नेतंय.

गाड्या ठेवायच्या आवारात पत्र्याची शेड होती. पत्र्यावर पाऊस, टेबलावर पावतीपुस्तक, पुस्तकावर वाकलेलं डोकं.

"गाडी नंबर?"

"बत्तीस शून्य सात."

पेन थांबलं. डोकं मात्र वर यायला वेळ लागला.

"...इथं पाटी दिसली न्हाय व्हय?"

"दिसली. म्हणून तर लावली." ती टेबलाजवळ सरकली. "माईक का सोडला?"

"दुसरा नंबर पुकाराया गेलं की घसाच बसायचा. साहेब म्हणालं, बस टेबलावर."

"मग शाहूपुरीला यायचं हुतं की!"

"यिऊन काय करू? तुमची गाडी आता शिस्तीत. शिस्तीतल्या माणसाला हाक मारायची कशी?"

त्यानं पावतीपुस्तक जवळ ओढलं.

"नाव सांगा... पावतीला लागतंय."

"निशिगंधा."

एवढं नाव लिहायला त्याला बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर, पानाकडंच बघत, त्यानं ते हळूच म्हणून पाहिलं.

"निशिगंधा."

"काय म्हणालासा? पावसात ऐकू येईना."

तिला स्पष्ट ऐकू आलं होतं. त्यालाही ते ठाऊक होतं.

"निशिगंधा."

"न्हाय आलं."

"तीनदा पुकारायचा नियम हाय."

"मग पुकारा की... कोण नको म्हणतंय?"

त्यानं पेन खाली ठेवलं. माईक नव्हता, भोंगा नव्हता.

"निशिगंधा..."

टेबलाच्या अलीकडं, हातभर अंतरावर उभी असलेली ती म्हणाली, "आलो."