उपासाच्या दिवसांतला वास

“पाहुण्यांना दार उघडून दे, पण ते बाहेर पडेपर्यंत उंबरा सोडू नकोस.”

हांबीस आजोबा गेले, तेव्हा डोंगरावरच्या जुन्या चर्चची चावी आणि एवढं एक वाक्य मिरोफोराकडे आलं होतं. यंदा तिनं ते मोडलं. भित्तिचित्रं दुरुस्त करायला निळ्या गाडीतून दोघं आली. त्यातल्या बाईनं, तुझ्या पायांची धूळ रंगांवर बसते गं, असं गोड बोलून तिला घरी पाठवलं. आणि ती गेली!

तिसऱ्या दिवशी वास आला. ऑगस्टमधले मरियेच्या उपासाचे दिवस. साऱ्या गावात मांसाचा तुकडा शिजत नव्हता, आणि चर्चमधून मात्र हाडं-कातडी उकळल्याचा दर्प उतारावर ओघळत होता.

ती आणि सुटीला आलेला चुलतभाऊ त्रिफोनास धावत पाद्रींकडे गेली. ते अंजीर सोलत बसले होते. बाहेरच्यांचा उपास त्यांचा देव बघेल, म्हणाले. दुसऱ्याच्या भांड्यात नाक खुपसणं हेही पापच.

“पण ती दोघं दुपारी गाडीत बसून पाव-टोमॅटो खातात,” परतताना त्रिफोनास म्हणाला. “मग रोज उकळतात ते खातं कोण?”

“तुझ्यासारखा कुणी खादाड असेल आत.”

तो हसला नाही. “मिरो, हा सरसाचा वास आहे. बाबा लाकूड चिकटवायला शिजवतात, तसाच.”

गाव दुपारच्या झोपेत होतं. दोघांनी वीतभर खिडकीतून आत डोकावलं. भिंतीवर गुडघे टेकून बसलेली, काळ्या बुरख्यातली फ्रँक बाई, पश्चिमेकडून आलेल्या परक्यांपैकी. क्रूसयुद्धांच्या काळात, आठशे वर्षांपूर्वी रंगवलेली. तिचा चेहरा सरस लावलेल्या कापडाखाली गेला होता. खालचा कोपरा वाळला होता. निळ्या गाडीतल्या माणसानं तो हळूच ओढला. कापडाबरोबर तिच्या झग्याची किनार सोलून आली, मागे उरला पांढरा चुना.

ही दुरुस्ती नव्हे, चोरी! मिरोफोरा दाराकडे धावली. ‘माझ्यामुळे. बाई, तू वाचलीस तर तुझ्याही नावानं दिवा लावीन.’

हातभर लांबीची लोखंडी चावी कुठल्याच खिशात मावत नसे. ती दाराला बाहेरूनच लटकत होती. मिरोफोरानं दार ओढलं, दोन्ही हातांनी चावी फिरवली. आतून दारावर धक्के बसू लागले. त्रिफोनास घंटेच्या दोराला लोंबकळला.

अशा अवेळी घंटा वाजते ती कुणी गेलं तरच. अर्ध्या झोपेतलं गाव धापा टाकत वर आलं.

“कोण गेलं रे?” पाद्रींनी विचारलं.

“आमची भिंतीवरची बाई जात होती, फादर. थोडक्यात वाचली,” मिरोफोरा म्हणाली.

पोलीस आले. निळ्या गाडीत आणखी दोन गावांच्या भिंतींवरचे संत गुंडाळलेले सापडले. कापड जपून सोडवायला खरे जाणकार येणार होते. किनार सोडली तर भिंतीवरची बाई शाबूत होती. पाद्रींनी सगळ्यांसमोर कान धरला, स्वतःचा. “नाक खुपसणारी पोरं देवानं मुद्दाम घडवली,” म्हणाले, आणि दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी चौकात त्रिफोनास घंटेची गोष्ट चौथ्यांदा रंगवून सांगत होता. संतांपुढे रोज दिवे लागत. त्या परकीय बाईपुढे कधी कुणी लावला नव्हता. मिरोफोरानं तेलाची बाटली पदराआड घ्यावी तशी कुशीत धरली, आणि कुणाला न सांगता चढण चढू लागली.