हात धरण्याची बंदी

तळसंगीच्या साथगणित प्रयोगशाळेत व्यापारी पेढे घेऊन शिरले, तेव्हाच डॉ. शाल्मली कवठेकर खुर्ची मागे सरकवून उठली. गाव तापानं फणफणलेलं, ताप हातातून हातात जाणारा, आणि व्यापारी संघाचे अध्यक्ष धन्यकुमार बोटं चाटत एकेकाच्या तोंडात पेढा कोंबत होते.

"घ्या बाई. तुमच्या यंत्रानं बाजार वाचवला."

यंत्राचं नाव साथछेदक. गावात कुणाचा हात कुणाच्या हाताला लागतो, ते लोकांच्या मनगटपट्ट्यांवरून टिपून यंत्र संपर्काचं जाळं विणायचं. उच्च न्यायालयानं बजावलं होतं, आणीबाणी असली तरी पोटापाण्याचा हक्क घटनेनं दिलेला आहे. रोखायचाच तर कमीत कमी रोखा. साथछेदकानं कमीत कमी शोधलं. एकच माणूस. चंपूमामी कासारीण. बांगड्या भरताना गावातल्या बाईबाईचा हात तिच्या हातातून जायचा. ती एकटी घरी बसली की साखळी तुटत होती.

मामीला ताप नव्हताच. ऐन लग्नसराईत दुकानाला सील लागलं. तिचे मऊ, तेलकट हात रिकामेपणानं पदर चुरगाळत राहिले.

"पोरी, हात धरणं हाच माझा धंदा. त्याचं पाप झालं का गं?"

शाल्मलीनं तिला न्यायालयात अर्ज करायला सुचवलं.

लग्नसराई सरत आली तेव्हा कुठे मामीच्या अर्जाची सुनावणी झाली. न्यायमूर्तींनी शाल्मलीला विचारलं, याहून कमी बंदी शक्य आहे का.

"माणसं मोजली तर नाही. पण एकाचं सगळं घेणं कमी, की सगळ्यांचं थोडं थोडं, हे यंत्राला कुणी सांगितलेलंच नाही."

सुनावणीला आलेल्या धन्यकुमारांना समोर कॅमेरे बघून उदारपणाचं भरतं आलं. मामी काय परकी आहे, आठवड्यातून एक दुपार आम्हीही दुकानं बंद ठेवू, सगळ्यांचं नुकसान सारखं होऊ द्या, म्हणाले. न्यायमूर्तींनी तेच शब्द उचलून आदेश दिला: या साथीत कुणा एकाचं नुकसान दुसऱ्यापेक्षा जास्त होता कामा नये. व्यापाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. शाल्मलीनं तो आदेश शब्दशः साथछेदकात भरला.

संध्याकाळी धन्यकुमार धापा टाकत प्रयोगशाळेत आले.

"बाई, यंत्र बिघडलंय. मामीचं दुकान उघडं, आणि बाकी अख्खा बाजार बंद?"

"बिघडलेलं नाही. सारखं करायचं तर आधी सोसलेलंही मोजावं लागतं. तुमचं अजून सुरूच झालेलं नाही."

"आणि साथ?"

"बाकी सगळे घरी बसले, की एकट्या मामीमुळे ताप पसरत नाही. तेही यंत्रानं पाहिलंय."

"कधीपर्यंत हे?"

"मामीएवढं तुमचं होईपर्यंत."

खुर्ची ओढून ते बसले. एका कासारणीपायी, असं काहीसं पुटपुटले. मग पुढे झुकून त्यांनी आवाजात साखर घोळली.

"तुम्ही समजवा ना तिला. आपणहून घरी बसते म्हणाली तर? गरीब आहे, ऐकेल."

शाल्मलीनं तोंड फिरवलं.

"तुम्हीच जाऊन सांगा," ती म्हणाली. "उघडंच आहे तिचं दुकान."